स्क्रू फिरवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

‘जुगाड’ या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. आज शनिवार आहे, ऑफिसचा फोन वाजत नाहीये, तर ते एकदाचं मांडूनच टाकतो.

२०१२ साली ‘जुगाड इनोव्हेशन’ नावाचं एक इंग्रजी पुस्तक आलं. त्याच्या आसपास कधीतरी हा आपला घरगुती, थोडासा लाजत उच्चारायचा शब्द सूट-बूट घालून कॉन्फरन्स हॉलमध्ये शिरला. तेव्हापासून दर दोन-तीन प्रेझेंटेशनांमागे एक स्लाइड ठरलेली. वॉशिंग मशीनमध्ये घुसळलेली लस्सी, पाण्याच्या पंपाचं इंजिन लावलेली जीप, आणि खाली ओळ : भारतीय माणूस अडत नाही. टाळ्या.

अडत नाही हे खरं. पण अडत नाही म्हणजे सुटतं असं नाही ना! माझं म्हणणं असं, की जुगाड या एकाच नावाखाली आपण दोन अगदी उलट गोष्टी खपवतो. एक, हाताशी साधन नसताना डोकं लावून बिघाड शोधणं. दोन, बिघाड न शोधता त्याचं लक्षण दाबून टाकणं. पहिलीला माझा दंडवत. दुसरी शुद्ध फसवणूक आहे, आणि टाळ्या बहुतेक वेळा दुसरीलाच मिळतात.

पुरावा म्हणून मी आज स्टार्टअप आणणार नाही. कार्बोरेटर आणणार आहे. तोही चेनसॉचा. कंटाळू नका, पुढे पायाला सात टाके पडतात.

माझं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, कळंब तालुक्यातलं. (ज्यांच्या डोक्यात अजून उस्मानाबादच आहे त्यांच्यासाठी : २०२३ मध्ये नाव अधिकृतपणे बदललं.) जंगल म्हणाल तर आमच्याकडे नावालाच. राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आमचा नंबर लागतो. मग तिथे चेनसॉचं काय काम, असं तुम्ही विचाराल. भरपूर काम. विहिरीच्या कडेला, ओढ्यात, पडीक रानात वेडी बाभूळ माजलेली असते. अवकाळी वादळात बांधावरचा लिंब विजेच्या तारेवर आडवा होतो. रस्ता रुंद होतो. सरणाला लाकूड लागतं. हे सगळं पूर्वी कुऱ्हाड आणि करवतीनं व्हायचं, आता ‘कटर’नं होतं. गावात दोन-तीन पोरांकडे कटर असतं आणि ती तासावर किंवा दिवसावर कामं घेतात. तो त्यांचा लॅपटॉप आहे असं समजा. तो बंद, तर त्या दिवसाचा पगार बंद.

आणि हो, “झाडं तोडणाऱ्याच्या मशीनचं कसलं कौतुक?” हा प्रश्न मला दिसतोय. झाड तोडायला परवानगी लागते, त्यासाठी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. पण तारेवर पडलेला लिंब कायद्याच्या पुस्तकानं कापता येत नाही. मशीन असणारच. प्रश्न एवढाच की ते धड असणार की अंगावर येणार.

आता दोन मिनिटं इंजिन. जे टू-स्ट्रोकवर वाढलेत त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे आपल्या बाबांच्या बजाज चेतकचं किंवा लुनाचं लहान, पण तापट भावंड. यात इंजिन ऑइलची वेगळी टाकी नसते (चेनला जातं ते तेल वेगळं). पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं. एक लिटरला २० मिली म्हणजे एकास पन्नास, ४० मिली म्हणजे एकास पंचवीस. मशीनच्या पुस्तकात जे दिलं असेल ते. हे मिश्रण कार्बोरेटरमध्ये हवेशी मिसळतं, तिथून एका जाड रबरी नळीतून, जिला ‘बूट’ म्हणतात, सिलिंडरकडे ओढलं जातं. आधी ते पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये जातं. तिथल्या बेअरिंगना तेल पाजतं आणि मग वर जाऊन जळतं. थोडक्यात काय, या इंजिनात पेट्रोल हेच वंगणाचं वाहन आहे. जितकं पेट्रोल कमी, तितकं तेल कमी. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्यात आहे.

आता समजा, कार्बोरेटरच्या पुढे कुठेतरी फट पडली. बुटाला बारीक चीर गेली, कार्बोरेटरखालचं पॅकिंग बसलं, नट ढिला झाला किंवा क्रँकचा ऑइल सील वाळला. पिस्टन वर जाताना खाली ओढ तयार होते आणि त्या फटीतून जास्तीची हवा आत शिरते. ही हवा कार्बोरेटरमधून आलेली नाही. तिच्यासोबत पेट्रोल नाही, म्हणून तेलही नाही. मिश्रण ‘पातळ’ होतं. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, आपोआप रेस होतं, ट्रिगर सोडला तरी आवाज खाली यायला वेळ लागतो. तापलं की फट अजून उघडते. शेवटी पिस्टन सिलिंडरला चिकटतो. मिस्त्रींच्या भाषेत ‘जाम’. एअर लीक म्हणतात ते हेच. गावाकडे म्हणतात, “मशीन हवा घ्यायलंय.” निदान अगदी अचूक आहे! शब्द मराठवाड्याचे, इंजिनिअरिंग जगाचं.

मग अडतं कुठे? अडतं ते स्क्रूवर.

कार्बोरेटरला साधारण तीन स्क्रू असतात. एक स्लोचा, म्हणजे ट्रिगर सोडल्यावर इंजिन किती वेगानं फिरत राहील ते ठरवणारा. दुसरा कमी वेगाच्या मिश्रणाचा, तिसरा जास्त वेगाच्या. हवा घेणारं मशीन कधी स्लोवर बंद पडतं, कधी रेस होतं. बंद पडतं म्हणून स्लोचा स्क्रू आत घेतला की ते चालू राहतं. पातळ चालतंय म्हणून मिश्रणाचा स्क्रू बाहेर काढला की जास्त पेट्रोल येतं आणि आवाज सुधारतो. दोन मिनिटांचं काम, शंभर रुपये, गिऱ्हाईक खूश. फट जिथे होती तिथेच.

हे का चालत नाही ते नीट बघा, कारण इथेच जुगाडवाल्यांचा युक्तिवाद कोसळतो. स्क्रूनं दिलेलं जादा पेट्रोल ठरावीक हिशोबानं येतं. फटीतून येणारी हवा मात्र कुठल्याच हिशोबात नसते. ट्रिगर सोडलेला असताना कार्बोरेटरची झडप जवळपास बंद असते, बुटात ओढ जास्त असते, त्यामुळे एकूण हवेत फटीच्या हवेचा वाटा मोठा होतो. ट्रिगर पूर्ण दाबला की तो वाटा बदलतो. मशीन तापलं की फट बदलते. मशीन आडवं धरलं, की रबरी माउंटवर इंजिन जरा कलतं, बूट वाकतो आणि चीर उघडते किंवा मिटते. म्हणजे थंड मशीन, सरळ उभं, दुकानाच्या ओट्यावर ठेवून सेट केलेला स्क्रू हा फक्त त्याच एका क्षणापुरता बरोबर असतो. रानात, आडवं धरून, तासभर चालल्यावर तो चूक असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या इनपुटवर टेस्ट लिहिली, नेमकं तेवढ्याच इनपुटवर पास होणारा कोड.

माझ्या चुलतभावाचं कटर हे असंच. सकाळी एका दोरीत चालू व्हायचं. तासाभरानं तापलं की रेस व्हायचं. आडवं धरलं की कधी बंद, कधी बोंब. फोनवर त्याचं वाक्य होतं, “दादा, सरळ धरलं की गरीब गाय, आडवं केलं की बैल हुतंय.” (आडवं केल्यावर वागणूक बदलते, हे एअर लीकचं पुस्तकात छापण्याजोगं लक्षण आहे. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.)

त्यानं मशीन तीन ठिकाणी दाखवलं. पहिल्यानं स्लो वाढवला. “आता नाही बंद पडायचं.” खरंच नाही पडलं. दुसऱ्यानं मिश्रणाचे दोन्ही स्क्रू सैल केले, मशीन धूर ओकायला लागलं. तिसऱ्यानं आख्खा कार्बोरेटर बदलला. नवा कार्बोरेटर, जुनी फट, तोच तमाशा. तिघांपैकी एकानंही बूट वाकवून पाहिला नाही.

आता स्लो वाढवण्याचा अर्थ काय, ते ऐका. चेनसॉमध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. इंजिन सावकाश फिरत असेल तर क्लच सुटलेला असतो, चेन थांबलेली असते. वेग ठरावीक मर्यादेच्या वर गेला की क्लच धरतो आणि चेन पळते. ट्रिगर सोडल्यावर चेन थांबलीच पाहिजे, हा या मशीनचा पहिला सुरक्षेचा नियम. प्रत्येक धड मॅन्युअलमध्ये तो लिहिलेला असतो. स्लो इतका वाढवला की इंजिन त्या मर्यादेला टेकलं, आणि त्यावर गरम झाल्यावर फटीतली हवा वेग अजून वाढवते. म्हणजे माणूस ट्रिगर सोडून, मशीन मांडीजवळ घेऊन दुसऱ्या फांदीकडे वळतो आणि चेन फिरतच असते.

भावाच्या पँटला ती लागली, पँटमधून पोटरीला. सात टाके. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं. नशीब कसलं डोंबलाचं? तो एका स्क्रूचा हिशोब होता. गावात सगळ्यांनी सांगितलं, “मशीनच तसलं, सांभाळून धरायचं.” बघा, किती सहज दोष माणसाच्या हाताकडे गेला! लक्षण दाबण्याचा हाच खरा तोटा. खरा बिघाड लपतो आणि त्याची शिक्षा दुसराच भोगतो.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत ते मशीन उघडलं. क्रम सांगतो, कुणाला उपयोग होईल.

पहिलं, डोळे आणि हात. एअर फिल्टर काढायचा, कार्बोरेटर हातानं हलवून बघायचा. हलला तर नट ढिले किंवा आटे गेलेले. मग कार्बोरेटर उतरवून बूट बाहेरून आणि आतून वाकवून बघायचा. चीर बहुतेक वेळा घडीत असते, सरळ धरलं तर दिसत नाही. क्रँककेसमधून कार्बोरेटरकडे जाणारी एक बारीक इम्पल्सची वाट असते (काही मशीनमध्ये रबरी नळी, काहींत नुसतं भोक). त्या वाटेनं येणाऱ्या दाबाच्या ठोक्यांवर कार्बोरेटरचा पंप चालतो. ती नळी फाटली तर दुहेरी त्रास : हवा आत जाते आणि पेट्रोल नीट चढत नाही. लोक पॅकिंगचं भोक आणि ही वाट जुळवायची विसरतात, तेही तपासायचं.

दुसरं, दाबाची चाचणी. हीच खरी परीक्षा. सायलेन्सर सैल करून त्यामागे रबराचा तुकडा घालून एग्झॉस्ट बंद करायचं. कार्बोरेटरच्या जागी रबर लावून बुटाचं तोंड बंद करायचं. प्लग जागेवर. मग इम्पल्सच्या वाटेनं आत हवा भरायची. सर्व्हिसवाले साधारण अर्धा बार दाब देतात. दाब टिकला तर इंजिन बंद डबा आहे. उतरला तर कुठेतरी फट आहे, आणि साबणाचं पाणी लावलं की ती स्वतःहून बुडबुडे काढून सांगते. पिस्टन वर नेऊन एकदा आणि खाली नेऊन एकदा, असं दोन्ही स्थितीत बघायचं. वर असताना बुटाची वाट क्रँककेसला उघडी असते, खाली असताना सिलिंडरचा वरचा भाग तपासला जातो.

आता कळंबच्या एका वाड्यात अर्धा बारचा टेस्टर कुठून आणायचा? काकूंचं बीपीचं मशीन आणलं. घड्याळवालं. त्याचा काटा ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे साधारण ०.४ बार. काम भागतं. फुगा दाबला, काटा २५० वर नेला, आणि तो आमच्यासमोर सरसर खाली आला. साबणाचं पाणी लावलं. बुटाच्या खालच्या घडीतून बुडबुडे. अर्धा सेंटिमीटरची चीर. ऑइल सील दोन्ही कोरडे, तिथे काही नाही. (सील कधी दाबाला टिकतात आणि ओढीला सुटतात. त्यासाठी उलटी, व्हॅक्यूमची चाचणी लागते, ती बीपीच्या फुग्यानं होत नाही.)

मंडळी, हा जुगाड आहे की नाही? आहे की! पण बघा तो कशासाठी केला. मोजण्यासाठी. बीपीच्या मशीननं बिघाड उघडा पाडला, स्क्रूनं तो झाकला होता. माझ्या भांडणाची सगळी रेषा इथून जाते. साधन उसनं आणा, वाकडंतिकडं जोडा, काकूंची बोलणी खा, सगळं माफ. पण त्याच्या शेवटी तुम्हाला बिघाडाबद्दल आधीपेक्षा जास्त कळलं पाहिजे. कमी कळत असेल तर ते कौशल्य नव्हे, ती चादर.

बूट आणला, पुण्याहून कुरियरनं. किंमत दोनशेच्या आत. दोन्ही पॅकिंग नवीन. चिरेवर एपॉक्सीची लापी मारता आली असती, तसा सल्लाही मिळाला. पण लापी कडक होते, रबर हलतं, पंधरा दिवसांत ती सुटते. आणि सुटलेला तुकडा इंजिनात गेला की पिस्टनसकट हिशोब. साधं सिलिकॉनही पेट्रोलमध्ये फुगतं. नवा बूट लावल्यावर पुन्हा दाब दिला, काटा थांबला. त्यानंतर, आणि त्यानंतरच, स्क्रू पुस्तकातल्या जागी आणून मिश्रण सेट केलं. ट्रिगर सोडला, चेन थांबली.

म्हणजे स्क्रू वाईट नाही. स्क्रूचं काम वेगळं आहे. आणि त्याचं खरं काम आता वाढलंय, कारण पेट्रोल बदललंय. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या हिशोबानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर सेट केलेला कार्बोरेटर नव्या पेट्रोलवर आपोआपच सात-आठ टक्के पातळ चालतो. ही तफावत काढायला स्क्रू फिरवणं अगदी योग्य, कारण ती ठरावीक आहे आणि तिचं कारण माहीत आहे. पण आधीच पातळ चालणाऱ्या इंजिनाला वरून फट पडली, तर वाचायला जागा किती उरते?

शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जे रबर त्यासाठी बनवलेलं नाही ते फुगवतं, कडक करतं. लहान इंजिनांच्या अनेक मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांचीच मर्यादा छापलेली असते. यातली गंमत बघा : इथेनॉल येतं ऊस, मळी आणि आता मक्यातून. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचाच ऊस कारखान्यातून फिरून पेट्रोलमध्ये येतो आणि त्याच्याच कटरच्या रबराला भिडतो. इथेनॉलला माझा विरोध नाही, उसाला भाव मिळू दे. पण मशीन विकताना “हे रबर वीस टक्क्यांना चालतं की नाही” हे मराठीत एका ओळीत सांगायला काय जातं? तोवर उपाय साधा : काम झालं की टाकी रिकामी करा, आणि मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने कॅनमध्ये ठेवू नका.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण ऑफिसच्या कँटीनमध्ये हे सगळं बोलून झालंय.

“गरीब माणसाला योग्य दुरुस्ती परवडत नाही, म्हणून जुगाड.” हे ऐकायला फार सहृदय वाटतं, पण आकडे उलटे आहेत. तीन वेळा मजुरी, एक नाहक कार्बोरेटर, बुडालेले कामाचे दिवस, सात टाके. समोर दोनशेच्या आतला बूट. परवडत नाही तो जुगाडच. श्रीमंताला चालतो, तो मशीन फेकून नवीन आणतो. गरिबाला पहिल्याच फटक्यात बरोबर दुरुस्ती लागते, कारण दुसऱ्या फटक्याचे पैसे नसतात.

“गावच्या मिस्त्रींना येत नाही.” हे तर सपशेल खोटं. ज्या पिढीनं चेतक, राजदूत, आरएक्स १०० दुरुस्त केल्या, त्यांना एअर लीक पाठ होतं. स्कूटर आपोआप रेस झाली की कानानं ऐकून “क्रँकचा सील गेला” असं सांगणारे मिस्त्री प्रत्येक तालुक्याला होते. मग प्रदूषणाचे नियम आले आणि टू-स्ट्रोक दुचाकी गेल्या, ते चांगलंच झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटरही जवळपास गेला. आज पंचवीस वर्षांच्या पोरानं टू-स्ट्रोकचा क्रँक सील बघावा तरी कुठे? आणि नेमक्या त्याच काळात टू-स्ट्रोक रानात परत आलं : कटर, ब्रश कटर, पाठीवरचा पॉवर स्प्रे. जुने मिस्त्री थकले, नव्यांना कुणी शिकवलं नाही. दोष त्यांच्या डोक्याचा नाही. त्यांच्या हातात कागद नाही.

कागद म्हणजे काय? दाब किती द्यायचा, किती वेळ टिकला पाहिजे, स्क्रू मुळात किती फेरे, बुटाचा पार्ट नंबर काय. ही माहिती असते, पण इंग्रजीत आणि डीलरपुरती. स्वस्तातल्या बिननावी मशीनसोबत तर चार पानांची घडी येते, त्यातलं मराठी सोडा, इंग्रजीही कळत नाही. २०२२ साली केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं होती, मोबाइल, वाहनं आणि घरगुती उपकरणांबरोबर. चांगली सुरुवात. पण आपल्या चर्चेत काय येतं? फोनची बॅटरी आणि स्क्रीन. कारण पोस्ट लिहिणारे आपण. कटरवाल्याला पोस्ट लिहायला वेळ नसतो. अवजार विकत घ्यायला सरकारी अनुदानाच्या योजना आहेत, आणि गावात चर्चा त्याच अर्जाची असते. ते अवजार तिसऱ्या वर्षी कोण दुरुस्त करणार, याचा अर्ज कुठे भरायचा?

“मग बॅटरीवालं घ्या की.” घेऊ. छान असतात, आवाज कमी, धूर नाही, कार्बोरेटरच नाही तर लीक कुठून! पण दिवसभर वेडी बाभूळ कापायला किती बॅटऱ्या लागतात, त्यांची किंमत काय, आणि रानात चार्जिंग कुठे, हा हिशोब आधी करा. शिवाय बॅटरीवाल्यातही सेन्सर बायपास करणारा कुणीतरी निघेलच. सवय मशीनमध्ये नसते, आपल्यात असते.

आणि आपल्यात ती ठासून भरलेली आहे. सर्व्हिस मेमरी गळतेय? रोज पहाटे तीनला रीस्टार्ट करणारा क्रॉन जॉब टाका. कॉल फेल होतोय? टाइमआउट दहाचा तीस करा. एक्सेप्शन येतंय? पकडा आणि गिळा. डॅशबोर्ड हिरवा, मॅनेजर खूश, अप्रेझल चांगलं. हे सगळे स्लोचे स्क्रू आहेत. फरक एवढाच, की आपली चेन आपल्या पोटरीला लागत नाही. ती लागते रात्री दोनला उठणाऱ्या ज्युनिअरला, किंवा पेमेंट अडकलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाला. आणि मग आपणच पोस्टमॉर्टेममध्ये लिहितो, ‘ह्यूमन एरर’. म्हणजे काय? मशीनच तसलं, सांभाळून धरायचं. :-)

म्हणून माझी विनंती, उपदेश समजा हवं तर. पुढच्या वेळी कुणी जुगाडाची स्लाइड दाखवली, तर टाळीआधी एकच प्रश्न विचारा : यानं बिघाड सापडला की झाकला गेला? उत्तर नसेल तर हात खिशात ठेवा.

आणि ज्यांची गावं अजून शिल्लक आहेत त्यांनी एक काम करा. सुट्टीला जाताना मिठाईच्या डब्यासोबत घरातल्या मशीनची माहिती घेऊन जा. मॉडेल नंबर शोधा, मॅन्युअल उतरवा, त्यातलं दाबाच्या चाचणीचं आणि स्क्रूच्या फेऱ्यांचं पान मराठीत लिहून काढा आणि गावातल्या मिस्त्रीच्या भिंतीवर लावा. एक बूट, एक पॅकिंगचा सेट आणि एक घड्याळवालं बीपीचं मशीन त्याच्याकडे ठेवा. सगळं मिळून तुमच्या एका वीकेंडच्या जेवणाच्या बिलात बसेल. कंपनीला मेल टाका, की पार्ट नंबरांची यादी उघडी करा. नाही केली तर पुन्हा टाका. आपल्याला मेल टाकण्याचाच पगार मिळतो, निदान एक तरी कामाचा जाऊ दे.

एवढं होत नसेल तर किमान एक करा. गावी कुणाच्या हातात कटर दिसलं तर लांब उभं राहून त्याला ट्रिगर सोडायला सांगा. चेन थांबत नसेल, तर तिथेच मशीन बंद करायला लावा. स्क्रू नंतर बघू. आधी फट शोधा.